पॉपने पळवलेलं लग्नाचं बोलावणं

चि. इलाना हिस,

पनवेलहून मोझेसदादाचा शालोम आणि पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आम्ही दोघं ठणठणीत. (तुझी लीयावहिनी जरा जास्तच. पुढे कळेल.)

नवा कॉम्प्युटर घेतला. आमच्या दोघांच्या सामाईक मेलबॉक्ससाठी त्याने विचारलं, टपाल घरी आणू (पॉप) की तिकडेच ठेवून दाखवू (आयमॅप)? तेव्हा कोन गावचे भातवाले जगनशेठ चहाला आले होते. म्हणाले, "आपला माल आपल्या घरात बरा. दुसऱ्याच्या गोदामात कशाला?" मला पटलं. पॉप टपाल उचलून घरी आणतो हे मी वाचलं. मागे काहीच ठेवत नाही हे वाचायचं राहिलं. झालं! तुझे सगळे मेल माझ्या कॉम्प्युटरात, आणि लीयाच्या फोनवर शुकशुकाट.

त्यातच तुझ्या नोमच्या लग्नाचं बोलावणं आलं. मी घरभर शीळ घालत हिंडलो. मेलबॉक्स एकच, तेव्हा लीयानेही वाचलंच असणार, असं धरून चाललो. तिला मात्र लग्नाची बातमी सिनेगॉगमधल्या मैत्रिणीकडून, याएलकडून कळली! भाच्याचं लग्न आणि मामीला साधा निरोप नाही? ती गप्प झाली. (लीया गप्प म्हणजे काय, तुला माहीत आहे.) मला वाटलं, तुझ्याकडे यायच्या विमानाला घाबरली असेल. मी आपला कोट शिवायला टाकून आलो, तशी भडकली.

"न बोलावता जाणार? लाज नाही वाटत?"

"अगं, बोलावलंय की!"

"कुणी? कधी?"

हात धरून तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. तुझे सगळे मेल ओळीने तिथे. 'नोमला पहिली मेंदी मामीनेच लावायची,' हे वाचून ती रडली, मग हसली, मग माझ्याकडे वळली. (पुढचं लिहीत नाही.)

लगेच आयमॅप केलं. टपाल आता तिकडेच राहतं आणि दोघांनाही दिसतं. जगनशेठ हात वर करून मोकळे: "आमी भाताचं बोललो व्हतो, टपालाचं नाय!"

तुझा,
मोझेसदादा

ता. क. खरं काम हे. लीयाला एक मेल टाक, की गडबड तुमच्याकडच्या मशीनची होती. तुझं ती ऐकते.

ता. क. २. वन्सं, मी लीया. हे पत्र न पाठवताच चहा टाकायला गेलेत, आणि आयमॅपमुळे ते जसंच्या तसं माझ्या फोनवर उघडलंय. तसा मेल जरूर पाठवा. मी विश्वास ठेवल्यासारखं करीन. मेंदी इथूनच आणते.