सावलीची तक्रार

प्रिय मामा,

हसू नकोस. शाळेत निबंध दुसऱ्याकडून लिहून घेणारा मी, आज पत्र लिहितोय! सकाळी दुकानामागच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी दुकानावर आला. "पप्या, तू तोडलेल्या कडुनिंबाला बुडातून फुटवे आलेत. वाढायच्या आत छाट." तेव्हापासून डोकं चालत नाहीये. सांगू कुणाला?

द्वारका चौकातलं आपलं पंक्चरचं दुकान म्हणजे काय, एक पेटी, एक पंप आणि वर तो कडुनिंब. बिल्डिंगवाल्यांच्या गाड्यांची हवा मीच सोडायचो, म्हणजे ते तुझ्याकडेच येणार! तू कान पिळायचास, "गधड्या, मला मार खायला लावशील!"

मग त्यांनी गच्चीवर सोलर बसवलं आणि बोर्डावर कागद लागला, 'पॅनलवर झाडाची सावली पडते. तक्रार.' मी ओरडत आलो, "मामा, सावलीवर कंप्लेंट आलीय!" किती हसलो आपण! झाड तोडायला माणूस हवा म्हटल्यावर माकडासारखा मीच चढलो.

तू का नाही अडवलंस रे? उलट खालून दोर धरलास! म्हणालास, "तोड. सोलर चांगलं. धूर नाही, कोळसा नाही. पुढं गरमी कमी होईल."

पुढं म्हणजे कधी, मामा?

वीजबिल कमी झालं तसे घराघरात एसी आले. सगळ्यांची गरम हवा बरोबर तुझ्या डोक्यावर. घमेल्यातलं पाणी चटके द्यायचं. मी म्हणायचो, "यात अंडी उकडू." एका दुपारी ट्यूब बुडवता बुडवता तू आडवा झालास. मला वाटलं, आज तूच माझी मजा घेतोयस. मी टाळ्या वाजवल्या, मामा. टाळ्या!

डॉक्टर म्हणाले, उष्माघात.

शिव्या तरी कुणाला देऊ? सोलरचं काय चुकलं? एसीवाल्यांनाही गरमच होत असणार. सगळ्यांचं बरोबर, आणि तू गेलास.

आता पेटीवर मामी बसते. एक वाजला की तोंड लालेलाल. उठ म्हटलं तर म्हणते, "गिऱ्हाईक जाईल."

सेक्रेटरीला मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "ठीक, दुसरा बघतो." मिळेल त्याला. फुटवे वाचतील असं खोटं नाही सांगत. पण कोयता माझ्या हातात नसेल. आणि उद्यापासून अकरा वाजले की मामीला घरी हाकलणार. शिव्या देईल, देऊ दे. दुपारी त्या पेटीवर मी बसेन. तिला नाही बसू देणार, मामा. शप्पथ.

तुझा नालायक भाचा,
पप्या