गुडघेवाले आणि बाकवाले

खर्डी,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सुनिल यास,
ताईचा सलाम आणि आईचा आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत, तूही असशीलच. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला. आईची तब्येत बरी आहे, आवाज तर फारच बरा आहे. तू फोन उचलत नाहीस, मेसेजवर नुसत्या निळ्या खुणा उमटतात, म्हणून हे पोस्टानं पाठवते.

आधी कामाचं. आपलं चर्च तुमच्या नव्या पंथाच्या मंडळीला द्यायचं ठरलं. वरच्या ट्रस्टची मंजुरीही आली. वाशिंदला तुमची उपासना चालते त्या शेडच्या मालकानं तुम्हाला जागा खाली करायला सांगितलंय, हे आमच्या कानावर आलं होतं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारपासून उपासना तुमची. ड्रम आणा, बाकं काढून सतरंज्या घाला, आमची हरकत नाही. कौलं मात्र पावसाळ्याआधी शाकारून घ्या.

तुमच्यातलं कुणी नाक मुरडलं, की दुसऱ्या पंथाच्या जागेत बसायचं कसं, तर त्याला सांग, या इमारतीला पंथ बदलायची सवय आहे. बांधली रेल्वेच्या साहेबांनी. आपले धाऊआजोबा तिथली घंटा वाजवायचे, पण मिशनच्या पंथाचे म्हणून उपासना व्हरांड्यातूनच ऐकायचे. साहेब गेले, त्यांच्या पंथाची इथली चार घरं उरली. आपलं मिशनवाल्यांचं कुडाचं देऊळ, म्हणजे तेव्हाचं चर्च, ओढ्यापलीकडे.

सत्तर साली दोन्ही पंथ एक झाले. वर मोठ्यांच्या सह्या झाल्या, आपले लोक या इमारतीत आले आणि इथे भांडण जुंपलं. प्रभुभोजनाची भाकर गुडघे टेकून घ्यायची की बाकावर बसून? ते म्हणायचे, बसून घेणं हा उद्धटपणा. आपले म्हणायचे, प्रभूनं शिष्यांना जेवायला बसवलं होतं, ओणवं केलं नव्हतं. कुणी मागे हटेना. शेवटी पाळकबाबांनीच ताट उचललं आणि ते फिरू लागले. उजवीकडचे गुडघ्यांवर, डावीकडचे बाकावर, भाकर सगळ्यांना. अजून तसंच चालतं. आई गुडघेवाल्यांची लेक. बाकवाल्यांत लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी भाकर घ्यायला उजवीकडेच जाते. बाबा म्हणायचे, घरात माझं ऐकत नाही, तिथे काय ऐकणार!

आता तुझ्यामाझ्यातलं. तू भातसा नदीत नव्यानं बाप्तिस्मा घेतलास, त्याचा मला राग नव्हता. पण घरी येऊन म्हणालास, लहानपणी कपाळावर शिंपडलेलं पाणी हा बाप्तिस्माच नव्हे. आई भाकऱ्या थापत होती. "मंग तुला झोळीतनं उचलून नेलं, ते काय होतं रे?" एवढंच तिनं विचारलं. तू चपला घातल्यास, त्याला तीन वर्षं झाली.

चर्च देण्याच्या सभेत मी विरोधात हात वर केला. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. बाजूनं पहिला हात आईचा. "पोरगा पत्र्याखाली बसतो नि आमी चौघं कौलांखाली बसून काय करणार गो?" मागच्या बाकावरच्या गुणाबाईनं डोळे पुसले आणि हात वर केला, मग बाकीच्यांनी.

इतका वेळ साहेब आणि मिशन करत बसले, कारण खरी गोष्ट लिहायला हात धजत नव्हता. आई दुसऱ्या चर्चला जाणार नाही. पहिल्या रविवारी ती नेहमीसारखी तिथेच येणार. नदीत बाप्तिस्मा झालेल्यालाच तुम्ही भाकर देता, हे तिला पक्कं ठाऊक आहे. नदीत ती उतरणार नाही. म्हणते, "माझा बाप्तिस्मा झालाय. देवानं पुन्ना ये म्हणून सांगितलेलं नाय."

जुन्या सभासदांनाही भाकर द्यावी, अशी अट मी करारात घालणार होते. आईनं घालू दिली नाही. "अटीची भाकर माझ्या घशाखाली उतरंल का गो? त्याला कोंडीत पकडू नको. द्यावीशी वाटली तं देल."

तुमच्या उपासनेत भाकरीचं ताट तूच फिरवतोस, असं कळलंय. तुमच्या मंडळीत तुला बोल लागेल, हे मला समजतं. तरी मला तुझी खात्री आहे, आणि आईला माझ्याहून जास्त. म्हणून हे तुला आधी कळवते, तिच्या नकळत.

त्या दिवशी तू ताट घेऊन येशील, तेव्हा आई हात पुढे करील. मी शेजारीच असेन.

वाट बघणारी, तुझ्या आईची लेक,
रुपालीताई