पुलाजवळची पाटी

न्यू बेथनी, जॉर्जिया
१४ ऑक्टोबर

प्रिय ओझेलाताई,

डेट्रॉइटच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? इकडे झाडांवरचे पेकान गळायला लागलेत, चर्चचं छप्पर एकदाचं झालं, कोंबड्या बऱ्या आहेत. फोनवर तू माझ्या नवऱ्याची चौकशी करत होतीस आणि रॉस्को शेतावर गेलाय, असं मी म्हणाले.

तू बजावलं होतंस, गोऱ्यांनी आपल्या एनॉक आजोबांना जिथे फासावर लटकवलं त्या पुलाजवळ त्यांच्या आठवणीची पाटी लावू नका, त्यांना पुन्हा मारतील. तरी लावली, आणि महिन्याभरात गोळ्यांनी तिची चाळण झाली. कौंटीने दुसरी लावली, जाड लोखंडी. तेव्हापासून रॉस्को रोज तिथे खुर्ची टाकून बसायचा. मी चिडायचे, "मेलेल्या माणसाची राखण कसली करतोस?"

"जिवंत होते तेव्हा कुणी केली नाही," तो म्हणायचा.

शनिवारी दुपारी त्याच्यासाठी मक्याचा पाव घेऊन गेले, तर कोय स्ट्रिब्लिंग आपल्या पिकअपची साखळी पाटीच्या खांबाला बांधत होता. तोच कोय. त्याची आई गेली तेव्हा त्यांच्याकडे स्वयंपाक मी केला होता.

"रॉस्को, बाजूला हो. तुझ्याशी माझं वाकडं नाही."

"मग पाटीशी काय वाकडं आहे?"

"माझ्या पोरी शाळेच्या बसमधून रोज वाचतात ती."

"त्यात तुझ्या आजोबाचं नाव कुठे आहे? 'अज्ञात जमावाने फाशी दिलं' एवढंच लिहिलंय."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मग पोरींना तूच सांग की."

कोय गाडीत चढला. रॉस्कोने खांबाला मिठी मारली. माणूस दिसल्यावर कोय थांबेल असं त्याला वाटलं असेल. मलाही वाटलं. कोयने आरशात पाहिलं आणि गाडी रेटली. खांब सिमेंटच्या गोळ्यासकट उपटून आला आणि रॉस्को त्याच्याखाली रस्त्यावर फरफटत गेला. छाती चेपली होती. तोंडातून रक्त येत होतं, आणि ताई, तो माझ्याकडे बघत होता.

कोय उतरला, पांढराफटक. "वर्डेल, अॅम्ब्युलन्स बोलव," म्हणाला. मी आमच्या गाडीतली बंदूक काढली आणि त्याच्या गुडघ्यावर झाडली. तो पडल्यावर दस्त्याने तोंडावर मारत राहिले, दात पडेपर्यंत. मग फोन केला.

रॉस्को वाटेतच गेला. मंगळवारी त्याला पुरलं. तुला कळवलं नाही, फोनवर खोटं बोलले. 'मी सांगितलं होतं,' असं तू म्हणाली असतीस आणि मला ते ऐकवलं नसतं.

कोयचा पाय कापला. काल शेरीफ घरी आला. कोयने जबाब दिलाय, रॉस्को पाय घसरून खांबाखाली आला, आणि कोयची स्वतःची बंदूक त्याच्याच हातून उडाली, पडताना तोंड फुटलं.

"वर्डेलबाई, दोन्ही अपघात," शेरीफ टोपी हातात धरून म्हणाला. "तुम्ही फक्त हो म्हणा. सगळेच सुटतील."

विचार करते म्हणाले. विचार झाला. मी हो म्हटलं तर रॉस्को पाय घसरून मेला. उद्या कचेरीत जाऊन सांगणार आहे, कोयने बघून गाडी रेटली आणि मी बघून गोळी झाडली. मग मला घरी सोडतील असं वाटत नाही.

पश्चात्ताप होतो का, विचारतील. कोयच्या पायाचा होत नाही. पण मी त्याला मारत होते तेवढा वेळ रॉस्को श्वास घेत होता. आधी फोन केला असता तर तो वाचला असता का, हे डॉक्टरला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आज रात्रीपुरती घरात असलेली,
तुझी वर्डेल