आवृत्तीचा रकाना

४ मार्च, सोमवार

नवं घर, नवी नोकरी, नवी वही! रोज लिहायचं ठरवलंय. बाबा म्हणाले, चार दिवस लिहिशील आणि मग वही वाणसामानाच्या यादीला घेशील. बघूच.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीला दोन खिडक्या म्हणून ती बाबांना दिली. ऑफिस बसने वीस मिनिटं. आमची कंपनी घरी वापरायची श्वासयंत्रं बनवते, झोपेत ज्यांचा श्वास अडतो त्यांच्यासाठी. बाबा त्यातलेच. मला पहिल्याच दिवशी त्यांच्यासाठी अगदी नवंकोरं यंत्र मिळालं. मास्क चढवून बाबा म्हणाले, चला बाईसाहेब, विमान निघालं. हसून हसून पोट दुखलं.

७ मार्च, गुरुवार

माझं काम कर्नलचं, म्हणजे यंत्रातल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं. यंत्रातल्या सर्किट बोर्डावर कारखान्यातच भरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, फर्मवेअर. ते खालून वर्दी देतं आणि कर्नल त्याप्रमाणे वागतो. अडचण एवढीच की फर्मवेअर बिनदिक्कत थापा मारतं! म्हणून आमच्याकडे ‘खोडींची यादी’ नावाची फाइल आहे. प्रत्येक ओळीत बोर्डाचा नंबर, फर्मवेअरची आवृत्ती, आणि त्याची कुठली वर्दी कानाआड करायची ते. नाठाळ नातेवाइकांची यादी वाचतोय असंच वाटतं.

साहेबांना सगळे माघारी हेडमास्तर म्हणतात. तपासणीला मावशी आहेत. त्या यंत्रांना रबरी फुफ्फुसं जोडून दिवसभर त्यांचे श्वास बघत बसतात.

मला पहिलं काम मिळालं. जुने बोर्ड सुरू होताना उगाचच ‘श्वास थांबला’ अशी वर्दी देतात, तीन बीप वाजतात आणि घरच्यांची गाळण उडते. जुन्या बोर्डांना श्वास मोजणारा दुसरा सेन्सर आहे, म्हणून ही वर्दी सोडून दिली तरी चालतं. नव्या बोर्डांना सेन्सर एकच. त्यांची वर्दी सोडायची नाही. एक ओळ लिहायची, एवढंच तर काम.

१५ मार्च, शुक्रवार

कसलं एवढंच! आठवडाभर ओळ लागूच पडेना. फर्मवेअर स्वतःची आवृत्तीसुद्धा धड सांगत नाही. कधी पुढे मोकळी जागा सोडतं, कधी एक शून्य खातं. पाच वाजले, हेडमास्तर खुर्चीमागे येऊन उभे. मी वैतागून आवृत्तीचा रकाना रिकामा सोडला. लगेच चाललं. रिकामा म्हणजे ‘कुठलीही आवृत्ती’. माहीत होतं मला. म्हटलं, सोमवारी भरू.

मावशींनी जुन्या बोर्डांवर तपासलं, बीप गायब. संध्याकाळी अपडेट घरोघरी गेलं. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

१६ मार्च, शनिवार

सकाळी दात घासताना डोक्यात प्रकाश पडला. नव्या बोर्डांचाही नंबर तोच आहे! फरक फक्त आवृत्तीत, आणि तो रकाना मी रिकामा सोडलाय. म्हणजे नव्या यंत्रांची एकुलती एक वर्दी आता कुणीच ऐकणार नाही.

तोंड न धुताच बाबांच्या यंत्राला लॅपटॉप जोडला, कालचं अपडेट उलटवून ती ओळ काढून टाकली. दहा मिनिटांचं काम. मग चहा केला. बाकीच्या घरांचं काय, हे मला चहा पिऊन झाल्यावर सुचलं. लाज वाटते लिहायला.

हेडमास्तरांना फोन करायला हवा होता. पण मी प्रोबेशनवर आहे, पहिल्याच कामात असा घोळ? रकाना नीट भरून ओळ पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप टाकली. ते १ एप्रिलला जाईल. पंधरा दिवसांत असं काय होणार आहे?

१९ मार्च, मंगळवार

बसमध्ये बीप ऐकू आले. तीन, थोडं थांबून परत तीन. नऊ दहाला सुरू झाले. वाटलं कुणाचा तरी फोन असेल. पण कुणी मानसुद्धा वळवली नाही. ऑफिसच्या जिन्यापर्यंत आवाज सोबत होता, मग एकदम बंद. मावशी म्हणाल्या, कान साफ कर. हसले मी.

२२ मार्च, शुक्रवार

दुरुस्तीवाला एक यंत्र परत घेऊन आला. कुठलीशी आजी मास्क लावलेली असतानाच गेली. मुलगी शेजारीच भाजी निवडत होती, दिवा हिरवा होता, काही वाजलं नाही. तिनेच यंत्र परत पाठवलंय. म्हणाली, चांगलं चाललंय, दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी नोंदी उघडल्या. ‘वर्दी आली. दुर्लक्षित.’ खाली परत तेच. अकरा मिनिटं तेच. पहिली नोंद मंगळवारची, नऊ दहाची.

त्या वेळी मी खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होते.

सगळं सांगून टाकायचं म्हणून हेडमास्तरांच्या दारापर्यंत गेले. आत जाऊन रजेचा अर्ज मागितला. परत आले. थू माझ्यावर.

२५ मार्च, सोमवार

आज दोनदा. एकदा लिफ्टमध्ये, एकदा भांडी घासताना. कानात कापूस घातला तरी तेवढाच मोठा आवाज. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, कान उत्तम आहेत.

दोनदा म्हणजे दोन माणसं. मला ऐकू येतं, पण कुणाचं घर ते कळत नाही. कुठे धावू?

२८ मार्च, गुरुवार

हेडमास्तरांना चिठ्ठी लिहिली. फाडली. परत लिहिली, ती पर्समध्ये आहे. उद्या नक्की—

आज सकाळी बाबा शेजारच्या काकूंना ऐटीत सांगत होते, आमची मुलगी लोकांचे श्वास सांभाळते. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

२९ मार्च, शुक्रवार

चिठ्ठी दिली नाही. तीनदा वाजलं. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा मी जेवत होते. जेवत राहिले.

३० मार्च, शनिवार

बाबांनी विचारलं, मी झोपलो की तू दारात का उभी असतेस. म्हटलं, सहज. म्हणाले, तुझं काहीतरी बिनसलंय, मनात ठेवू नकोस. सांगून टाकणार होते— पण तेच उठून हेडमास्तरांकडे गेले असते. बापाला तोंड काय दाखवू?

फक्त परवापर्यंत. परवा अपडेट जाईल. मग बंद होईल. व्हायलाच हवं.

३१ मार्च, रविवार

बाबा जेवून दीड वाजता झोपले. दिवा हिरवा आहे, इथून दिसतो.

दोन वीस. परत वाजतंय. तीन— तीन—

उठले नाही. बाबांचा असता तर यंत्रच ओरडलं असतं, त्यातली ओळ मी काढलीये. म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी. आणि मला हायसं वाटलं. हायसं! माणूस आहे का मी?

थांबत नाहीये. लिहीत राहते, म्हणजे ऐकू येणार— येतंच आहे.

हेडमास्तरांचा मेसेज आलाय. उद्याच्या अपडेटआधी सगळी यंत्रं मागच्या अपडेटवर असायला हवीत, म्हणून आज यादी तपासली म्हणे. एकच यंत्र मागे राहिलं होतं, तुझ्या घरचं, काळजी करू नकोस, तेही मी मघाशी दोन वाजता—