तुझी कातडी तयार झाली, मामा

मामा,

'प्रिय' लिहून खोडलं. तुझ्यावरचा राग जाईपर्यंत तो शब्द माझ्याच्याने लिहवणार नाही.

आज मला इथे रोह्याला मुंबईच्या हॉस्पिटलचा फोन आला, म्हणून लिहितोय. तुझ्या मांडीची टपालाच्या तिकिटाएवढी कातडी काढून त्यांनी प्रयोगशाळेत वाढवायला ठेवली होती ना? तिचे पातळ पापुद्रे तयार झालेत. जिवंत आहेत. आणि तुझं तेरावं परवाच झालं! आता त्यांचं काय करायचं, असं मला विचारतात.

पेणच्या आपल्या गणपतीच्या कारखान्यात थिनर पेटलं, तुझे कपडे पेटले. गोणपाटाने विझवून मी नळ सोडला, तर तू ओरडलास, "पानी नको! शाडूची माती आन. थंड असते ती. थाप लवकर!" मूर्तीची चीर बुजवायची होती का रे ती? आणि मीही थापली. हातांवर, छातीवर, पाठीवर. तुझा शब्द मी कधी मोडला होता?

मुंबईत माती धुताना डॉक्टरीणबाई चिडून म्हणाल्या, "हे कुणी केलं?" तू पटकन म्हणालास, "मीच." दोन्ही हात भाजलेला माणूस स्वतःच्या पाठीवर माती थापतो? कशाला खोटं बोललास?

मातीतले जंतू लागून कातडीचा पहिला तुकडा फुकट गेला. दुसरा घेतला, तो वाढायला पुन्हा तीन आठवडे. जखमा चिघळत होत्या आणि तुला थट्टा सुचत होती! "नवी कातडी जरा गोरी द्या म्हनावं. तुझी मामी वळखायची नाय!"

रंग सुकेपर्यंत मूर्तीला बोट लावू द्यायचा नाहीस. स्वतःला मात्र एवढं थांबता आलं नाही?

मामी रोज डॉक्टरांना शिव्या घालते. "त्यांनीच उशीर केला, माझा मानूस घालवला." मी मान हलवतो. प्रत्येक अर्ज दोनदा तपासून भरणारा मी, तिला एवढं एक वाक्य सांगत नाही. तुझ्या त्या 'मीच'च्या आड लपलोय.

पापुद्रे शिकाऊ डॉक्टरांना अभ्यासाला द्यावेत, असं मला वाटतं. त्यासाठी मामीची सही हवी. उद्या सकाळी पेणला जातो. कागद पुढे करण्याआधी तिला सांगेन, की माती मी थापली आणि पहिला तुकडा त्यामुळेच गेला. मग ती सही करो, नाहीतर मला दारातून हाकलो. तुझं खोटं मी पुढे चालवणार नाही.

तुझा भाचा,
सुहास