फोन कोणी केला?

११ फेब्रुवारी, दुपारी ३
आज घरी पोलीस आले. माझ्या घरी! हिला जरा हात लागला, एवढंच. कपाटाचा कोपरा मध्ये आला, त्याला मी काय करणार? आलेली हवालदार बाई माझीच विद्यार्थिनी निघाली. गाडी चालवायला मीच शिकवलं तिला. 'सर' म्हणाली. म्हणजे विषय संपला.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
चौकीत तीन तास बसवलं. पाणीही विचारलं नाही. कामाचा ताण असेल. 'पुन्हा हात उचलणार नाही' असं लिहून घेतलं. अक्षर चांगलं म्हणून मलाच लिहायला लावलं. ही दवाखान्यातून परस्पर बहिणीकडे गेली. दोन दिवसांत येईल.
संकल्प: राग बंद.

१२ फेब्रुवारी
पण फोन कोणी केला? शेजारच्या शिंप्याला दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही. वरच्या बाई गावाला. आईला विचारलं, तर ती भांडी घासत राहिली. बिचारी हादरली आहे. ती माझ्याच बाजूची.
दिवसभर मी लोकांना गाडीत 'शांत राहा' सांगतो. आज समोर काही नसताना दोनदा माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. शिकणाऱ्या आजोबांनी विचारलं, सर, बरं आहे ना?

१४ फेब्रुवारी
ही फोन उचलत नाही. मेव्हणीने उचलला आणि डोक्याला पाच टाके पडल्याचं ऐकवलं. मी दोन धरले होते.
संकल्प: शोध लावायचाच. शांतपणे.

१५ फेब्रुवारी, सकाळी
चौकीत गेलो. फोन कोणी केला, विचारलं. हवालदार बाई म्हणाली, सर, ते सांगता येत नाही. पण लग्नानंतरच्या चार वर्षांत कोणीच कसा केला नाही, याचं नवल वाटतं. हे कौतुक समजावं का? तक्रार मात्र कोर्टात जाणार म्हणे. मी लिहून दिलं आहे ना!

१६ फेब्रुवारी
आईला म्हटलं, तूच हिला फोन कर, तुझं ऐकेल. आई म्हणाली, रोज करते. मग पिशवी भरायला लागली. सुनेचं ड्रेसिंग बदलायला दिवसा कोणी नाही, तिथेच राहते म्हणाली. आणि कोर्टात विचारलं, तर पाहिलं ते सांगणार.
म्हटलं, अगं, तुलाही त्या फोन करणाऱ्याने फितवलं का?
चपला घालत म्हणाली, फोन मीच केला. तुझ्या वडिलांच्या वेळी आपल्याकडे फोन नव्हता.