नमुनाबाईचा पत्ता

सोमवार, ४ मार्च

नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क खिडकीजवळची खुर्ची! लगेच आईला फोन केला. माझं काम तिला अजून नीट कळलेलं नाही. म्हटलं, वेबसाइटवर फॉर्म भरताना ब्राउझर नाव, पत्ता, पासवर्ड आपणहून भरतो ना, तर कुठल्या रकान्यात काय भरायचं त्याचे नियम आम्ही ठरवतो. आई म्हणाली, म्हणजे लोकांना आळशी करायचं काम. नजर गेल्यापासून तिचे सगळे फॉर्म मीच भरते, तिने तरी बोलू नये.

चाचणीसाठी इथे एक खोटी बाई आहे. सगळे तिला नमुनाबाई म्हणतात. नाव, फोन, सगळं बनावट. चाचणीत स्वतःची खरी माहिती कधीही टाकायची नाही, असं आमच्या मुख्यांनी दोनदा बजावलं.

गुरुवार, ७ मार्च

आज थोडी लबाडी केली. खोट्या पत्त्यावर फॉर्म पुढे सरकेना, आणि पोटात कावळे ओरडत होते. मग नमुनाबाईला आमच्याच घरी राहायला पाठवलं. जन्मतारीखही बोटांच्या सवयीने माझीच गेली. उद्या पुसेन.

सोमवार, ११ मार्च

कॉलर ताठ! एकाच माणसाच्या दोन नोंदी साठतात, त्यांचं काय करायचं यावर कधीचा काथ्याकूट चालला होता. मी सुचवलं, पत्ता आणि जन्मतारीख जुळली की एकच माणूस समजायचा. नावाचं काय, ते लग्नानंतरही बदलतं. नवी नोंद ठेवायची, जुनी पुसायची. पुसण्याआधी त्या माणसाला विचारायचं का, असं मुख्यांनी विचारलं. मी म्हटलं, कशाला? सारखं विचारलं की लोक वैतागतात. सगळ्यांना पटलं. नियम आजच चालू झाला.

बुधवार, १३ मार्च

सकाळी घरी पार्सल आलं, नमुनाबाईच्या नावाने. आत घरात घालायच्या सपाता, बरोबर माझ्या मापाच्या. तेव्हा आठवलं, ती नोंद पुसायची राहूनच गेली होती.

ऑफिसात येऊन उघडून पाहिलं. तिची नोंद आहे, पहिल्या दिवशी केलेली माझी जुनी नोंद नाही. तिची पुसायला गेले तर पासवर्ड मागितला. माझा चालेना. आणि मी बोटही न लावता रकान्यात ठिपके उमटले, तिचा पासवर्ड भरला गेला, आणि समोर आलं : स्वागत आहे. मुख्यांना सांगायचा धीर झाला नाही. चूक माझीच ना.

शुक्रवार, १५ मार्च

ऑफिसच्या दाराला माझं कार्ड लागलं नाही. रखवालदाराने अडवलं. म्हणाला, खिडकीपाशी बसतात त्या बाई मघाशीच वर गेल्या. बाहेर येऊन वर पाहिलं. माझ्या खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. अंगात माझा हिरवा स्वेटर.

मुख्यांना फोन केला. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. या नावाचं इथे कधीच कुणी नव्हतं, म्हणाले. अगदी नम्रपणे.

शनिवार, दुपार

आईची औषधं घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, त्यांची लेक सकाळीच घेऊन गेली.

सकाळभर मी बँकेत होते. तिथेही माझं खातं सापडलं नाही —

आई घरी एकटी आहे. तिला दिसत नाही. ती आवाजावर माणूस ओळखते. देवा, ती दार उघडेल —

शनिवार

जिन्यात बसलेय. किल्ली फिरत नाही.

आईने आतून विचारलं, कोण? मी म्हटलं, आई, मी गं. ती म्हणाली, "अहो, घर चुकलात. माझी लेक इथे माझ्यापाशी बसलीय."

आणि मग माझाच आवाज. माझाच —

"आई, तू बस. मी बघते."

सपातांचा आवाज. दाराकडे येतोय —

विचारायला हवं होतं. एकदा तरी त्या माणसाला विचारायला —

वहीच्या पहिल्या पानावर मी माझं नाव लिहिलं होतं. पेनाने लिहिलं होतं, ते कसं पुसेल? पण आता तिथे दुसरंच —

कडी निघाली. आई, मी इथे आहे, मी, तुझी —